'अवघा रंग एक झाला' गायचं, मग कर्ममेळ्याचं काय करायचं?

टाळकरीण

आमच्या चिंचवडच्या सोसायटीत भजनी मंडळ आहे. बहुतेक बायका, तीन-चार काका, एक पेटी, एक पखवाज (वाजवणारा आला तर). वैशाख वद्य पंचमीला चोखोबांची पुण्यतिथी असते. यंदा त्या दिवशी फक्त चोखोबांच्या घरचेच अभंग घ्यायचे असं ठरलं. घर म्हणजे चोखोबा, बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि मुलगा कर्ममेळा. सातशे वर्षांपूर्वी मंगळवेढ्याच्या गावकुसाबाहेरच्या एका घराण्यात एवढे कवी!

'अबीर गुलाल', 'ऊस डोंगा', 'अवघा रंग एक झाला' हे एकमताने यादीत गेले. मग आमच्यातल्या एकीची सून म्हणाली, कर्ममेळ्याचा 'आमुची केली हीन याती, तुज कां न कळे श्रीपती' हाही घेऊ या. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी पुढची ओळ: 'जन्म गेला उष्टे खातां, लाज न ये तुमचे चित्ता'. देवालाच विचारतोय, लाज वाटत नाही का म्हणून.

बैठकीत एकदम शांतता. मंडळाच्या सगळ्यात ज्येष्ठ काकू म्हणाल्या, "भजनात भांडण कशाला? आत्मा एकच आहे हे एकदा कळलं की जुन्या गोष्टी उगाळायच्या नसतात. आता सगळे एकच आहोत ना?" आणि विषय प्रसादाच्या शिऱ्यावर गेला.

मी ज्ञानेश्वरीचं पारायण करणारी बाई आहे. सगळ्यांत एकच तत्त्व आहे हे मी नुसतं म्हणत नाही, मानते. पण काकूंचं वाक्य मला लागलं आणि नीट उत्तरही देता आलं नाही. ऐक्यावर श्रद्धा ठेवून समाजाचं दुखणं डोळे उघडे ठेवून बघता येतं का? की एकाने दुसऱ्याला गिळायचंच असतं? आणि अभंग घ्यावा की नाही? अनुभवी लोकांनी लिहा.

खट्याळ_पांडू

जगत् मिथ्या, पार्किंग सत्य. सोसायटीतलं अद्वैत लिफ्टच्या अलीकडेच संपतं. बाकी चालू द्या, मी पॉपकॉर्न घेऊन बसतो.

सदाशिव_माळकरी

टाळकरीणताई, प्रश्न चांगला आहे, पण काकूंना एवढ्यात आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका.

आमच्या घरात चार पिढ्यांची वारी आहे. दिंडीत माणूस माणसाच्या पाया पडतो, कोण कुठला हे न विचारता. भजनाला उभं राहिल्यावर मनात हिशेब चालू असेल तर टाळ चुकतो. 'भेदाभेद भ्रम अमंगळ' हे तुकोबांनी वादात जिंकायला लिहिलेलं नाही, ते रोज जगायचं आहे. बाहेरच्यांना वाटतं की हे नाचणारे लोक आंधळे आहेत, यांना जगाचं दुःख दिसत नाही. अहो, ज्याचं पीक गेलंय, ज्याचा पोरगा गेलाय, तोच तिथे नाचत असतो.

एक सांगतो. माझ्या आजोबांच्या काळी आमच्याच वारकरी फडात जेवणाच्या पंगती वेगळ्या बसायच्या. वर नामाचा गजर एक आणि खाली चुली दोन. एका वर्षी लोणंदच्या मुक्कामाला विणेकऱ्याने गळ्यातली वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घातली, आपली पत्रावळ उचलली आणि सरळ त्या पंगतीत जाऊन मांडी घातली. एक शब्द बोलला नाही. विणेकरीच तिकडे बसला म्हटल्यावर बाकीच्यांची पंचाईत झाली. दोन-तीन वर्षं कुरकुर झाली, काही घरं दुसऱ्या दिंडीत गेली, पण पंगत एक झाली. भाषणाने हे झालं नसतं. म्हणून म्हणतो, उगाळू नका, वागून दाखवा.

भीमाकाठ

माळकरी काका, तुमचे विणेकरी मला आवडले. पण तुम्ही त्यांना काकूंच्या बाजूला का उभं करताय? ते तर काकूंच्या बरोब्बर विरुद्ध वागले. 'आपण सगळे एकच, पंगतीचं काय घेऊन बसलात' असं म्हणून ते आपल्या जागी जेवले असते तर काकूंचा मुद्दा झाला असता. त्यांनी पंगती दोन आहेत हे आधी बघितलं. सगळ्यांसमोर बघितलं. आणि त्याची किंमत फडाने मोजली, घरं तुटली.

माझं म्हणणं थोडक्यात. 'आत्मा एकच आहे' हे मला आयुष्यात अनेकांनी ऐकवलंय. बहुतेक वेळा मी कशाची तरी तक्रार केल्यानंतर लगेच. पुण्यात खोली शोधताना फोनवर सगळं ठरायचं, भाडं, डिपॉझिट, पाण्याची वेळ. मग आडनाव विचारलं जायचं आणि पुतण्या येणार असल्याचं घरमालकांना आठवायचं. हे ऑफिसात सांगितलं तर एक सज्जन गृहस्थ मला म्हणाले, "तू पण ना, कशाला मनाला लावून घेतोस, आपण सगळे एकाच परमात्म्याची लेकरं." त्यांच्या स्वतःच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या.

आणि चोखोबांबद्दल. आमच्या घरी त्यांचा फोटो नाही. चोखोबांचाच अभंग आहे, 'यातीहीन मी महार, पूर्वी निळाचा अवतार'. पुढे म्हणतात की कृष्णनिंदा घडली होती म्हणून हा जन्म आला. स्वतःच्या अपमानाचं कारण स्वतःच्याच मागच्या जन्मात शोधलं! माझ्या आईने एकदा हा अभंग रेडिओवर ऐकला आणि रेडिओ बंद केला. त्यापेक्षा त्यांचा पोरगा बरा, त्याने जाब तरी विचारला.

चहा_बिनसाखरेचा

भीमाकाठ, +१००. खोलीचा अनुभव जसाच्या तसा, फक्त आमच्या वेळी पुतण्याऐवजी भाचा यायचा.

विद्याव्रत

थोडी शास्त्राची बाजू मांडतो, कंटाळा आला तर पुढे जा.

शांकरमतात पारमार्थिक आणि व्यावहारिक अशा सत्तेच्या पातळ्या मानल्या आहेत. परमार्थात भेद नाही. व्यवहारात भूक आहे, औषध आहे, राजा-प्रजा आहे, न्याय-अन्याय आहे आणि तिथे ते सगळं खरंच धरायचं असतं. व्यवहाराच्या प्रश्नाला परमार्थाचं उत्तर देणं हा वेदान्त नव्हे, ती पळवाट आहे. दात दुखतोय म्हणणाऱ्याला कोणी 'तू देह नाहीस' म्हणत नाही, डेंटिस्टचा नंबर देतो. हाच माणूस जातीचा विषय निघाला की मात्र थेट ब्रह्मलोकात.

काशीत शंकराचार्यांनी वाटेतल्या चांडाळाला 'दूर हो' म्हटलं आणि त्याने विचारलं, कोणाला दूर करतोस, देहाला की आत्म्याला, ही कथा सगळ्यांना माहीत असते. मला त्यात आवडतं ते हे की तिथे ऐक्याचा मुद्दा ज्याला दूर हो म्हटलंय तो काढतो. दूर हो म्हणणारा काढत नाही. आचार्यांना ते ऐकून घ्यावं लागतं. मनीषापंचक हे त्यांचं स्तोत्र त्यातून आलं असं परंपरा सांगते.

सोयराबाई हेच करतात. 'देहासी विटाळ म्हणती सकळ, आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध'. हा शुद्ध अद्वैताचा सिद्धान्त झाला. पण पुढे लगेच विचारतात, देहाचा विटाळ देहातच जन्मला, मग सोवळा कोण झाला? विटाळाशिवाय जन्मलेला एक तरी देह दाखवा. म्हणजे आत्म्याचं शुद्धत्व त्यांनी सोवळ्याचा दावा मोडायला वापरलंय. आणि 'अवघा रंग एक झाला'ही त्यांचाच. दोन्ही एकाच बाईचे अभंग आहेत हे काकूंना सांगा.

खट्याळ_पांडू

डेंटिस्टचा नंबर असेल तर खरंच द्या. उजवी खालची दाढ. व्यावहारिक पातळीवर.

गोदाकाठची

विद्याव्रत, छान लिहिलंत, पण तुमच्या त्या दोन पातळ्यांनी हजार वर्षं नुकसानच केलं ना? वरच्या मजल्यावर सगळे एक, खालच्या मजल्यावर ज्याचं त्याने बघावं. संत एकनाथांनी गोदावरीच्या तापलेल्या वाळूतून महाराचं पोर उचललं तेव्हा पैठणात कोणी 'ही व्यावहारिक पातळी आहे' म्हणून कौतुक केलं नव्हतं.

आणि मी नाशिकची आहे म्हणून सांगते. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला आणि पाच वर्षं चालला. देव एकच, राम एकच, दार मात्र बंद. त्यानंतर १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. पंढरपूरचं दार साने गुरुजींच्या उपोषणानंतर मे १९४७ मध्ये उघडलं, म्हणजे येवल्याच्या जवळपास बारा वर्षं नंतर. तोवर ज्यांच्यासाठी उघडायचं त्यांच्यातले कितीतरी लोक देवळाकडे पाठ फिरवून पुढे निघाले होते. ऐक्याचं निमंत्रण इतकं उशिरा पाठवलं तर पाहुणे थांबत नाहीत.

सदाशिव_माळकरी

भीमाकाठ, विणेकऱ्याबद्दल तुमचं म्हणणं पटलं, त्यावर वाद घालत नाही. पण एक विचारतो, राग नसावा. चोखोबांना इतकं सहज बाजूला सारू नका. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमावर जे इंग्रजी पुस्तक लिहिलं ते त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला अर्पण केलंय. त्यांचं पाक्षिक 'मूकनायक' निघालं १९२० मध्ये, त्याच्या शिरावर तुकोबांचा अभंग होता, 'काय करूं आतां धरूनियां भीड'. म्हणजे संतांचे शब्द त्यांना परके नव्हते.

साने गुरुजींबद्दल. ते उपोषणाला तनपुरे महाराजांच्या मठात बसले होते हेही लिहा. सगळेच वारकरी दाराला कडी लावून आत बसले नव्हते. एका वारकऱ्याच्याच मठाने त्यांना जागा दिली आणि त्यासाठी शिव्या खाल्ल्या.

भीमाकाठ

काका, राग कसला. अर्पणपत्रिका मला माहीत आहे आणि ती मला नेहमी कोड्यात टाकते. कदाचित बाबासाहेबांना चोखोबांच्या उत्तरापेक्षा त्यांचं दुःख आपलं वाटलं असेल. उत्तर त्यांनी स्वतः वेगळं शोधलं. भीड न धरता तोंड वाजवलं, तुकोबा म्हणतात तसं. आणि तनपुरे महाराजांच्या मठाचं लिहिलंत ते बरं केलंत.

आमच्याकडे विपश्यनेला जाणारे मित्र आहेत. इगतपुरीहून दहा दिवसांनी परत आले की चेहरा शांत, सगळ्यांना मंगल हो म्हणतात. चांगलं आहे, मीही जाऊन आलोय. पण काही जण शांतीच्या नादात 'दुःख आपल्या तृष्णेतून येतं' हे खैरलांजीच्या दलित हत्याकांडासारख्या प्रकरणालाही लावतात तेव्हा डोकं फिरतं. कोणाची तृष्णा? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत नेमका हाच प्रश्न उभा केलाय की चार आर्यसत्यं जशी सांगितली जातात तशी घेतली तर माणसाला आशा उरत नाही. म्हणजे बंद डोळ्यांची भानगड फक्त तुमच्या अद्वैताची नाही, आमच्यातही शिरते.

उमरगेकर

जातीचा विषय चालू आहे, पण मूळ प्रश्न सामूहिक दुःखाचा आहे म्हणून वेगळं लिहितो.

आमचं गाव उमरग्याकडं, किल्लारीपासून लांब नाही. १९९३ ला अनंत चतुर्दशीला गणपती बुडवून लोक झोपले आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमाराला भूकंपानं सगळं खाली आलं. दगड-मातीच्या हातभर जाड भिंती आणि वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात त्या घरात गार वाटायचं म्हणून आम्हाला त्याचा केवढा अभिमान. त्याच मातीखाली माणसं गुदमरली.

नंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो. तेव्हा मदत घेऊन पुष्कळ लोक आले, देव त्यांचं भलं करो. पण काही जण प्रवचन घेऊनही आले. एक महाराज आले, चांगले होते, घोंगड्या वाटल्या. रात्री बोलायला बसले. मरण देहाला आहे, आत्म्याला नाही, गेलेले आणि राहिलेले सगळे एकाच चैतन्यात आहेत, शोक करू नका. माझी चुलती पुढंच बसलेली. तिचे दोघं गेलेले. ती म्हणाली, "महाराज, तुमी म्हणताव ते खरं असंल. पर आदी आमच्या गल्लीतली नावं ऐका." आणि तिनं सांगायला सुरुवात केली. घर क्रमानं. वेशीपासून. ह्या घरातली ही, त्या घरातला तो, त्याची बायको बाळंतपणाला आलेली. मधी कुणी विसरलं की दुसरी बाई सांगायची. महाराजांनी शेवटपर्यंत ऐकलं, मधी एकदाबी तोंड उघडलं नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

त्यानंतर भजन झालं. चुलती स्वतः म्हणाली. त्यामुळं ती नास्तिक झाली असं कुणी समजू नये, अजून एकादशी करते. तिला चैतन्य एक आहे हे नको नव्हतं. नावं घेतल्याशिवाय नको होतं.

गोदाकाठची

उमरगेकर दादा, वाचून थांबले. चुलतींना नमस्कार सांगा.

आल्प्सपलीकडे

मी बर्लिनमध्ये राहते. इथे फुटपाथवर घरांसमोर लहान चौकोनी पितळी फरशा बसवलेल्या दिसतात. नाझींनी त्या घरातून ज्यांना उचलून नेलं त्यांचं नाव, जन्मसाल, कुठे नेलं, कधी मारलं. वाचायचं तर वाकावं लागतं. माझ्या मुलीच्या वर्गाला त्या फरशा घासून चकचकीत करायचं काम असतं, वर्षातून एकदा मुलं पॉलिश घेऊन जातात. 'आता आपण सगळे युरोपीय एकच' असं म्हणून ते थांबले असते तर सोपं होतं.

खट्याळ_पांडू

मराठी संकेतस्थळाचा नियम क्रमांक १: कुठलाही धागा पंचवीस प्रतिसादांच्या आत जर्मनीला पोचतो. यंदा बाराव्यातच पोचला, अभिनंदन.

आल्प्सपलीकडे

@पांडू, वडापावचा धागा मी न्यूरेंबर्गला नेला होता, विसरलास का? :)

सरळमार्गी

मला काकूंची बाजू घ्यायची आहे, कारण कोणीच घेत नाहीये. माणसं भजनाला मन हलकं करायला येतात. दिवसभर बातम्या, व्हॉट्सॲप, भांडणं. आठवड्यातला एक तास तरी जुन्या खपल्या काढू नका. आजच्या पिढीने ते केलेलं नाही. त्यांना अपराधी वाटायला लावून काय मिळणार? उलट कटुता वाढते. मला तर वाटतं 'अवघा रंग' म्हणत राहिलं तर हळूहळू रंग एक होईलच.

भीमाकाठ

सरळमार्गी, खपली कोणाच्या अंगावर आहे तेवढं बघा आणि मग ती काढायची की नाही हे त्यालाच ठरवू द्या. अपराधी वाटायला कोणी सांगितलं? अभंग गायचा आहे, माफीनामा वाचायचा नाहीये.

ॲडमिन

चर्चा छान चालली आहे. व्यक्तिगत होऊ नका. दाढेचे प्रतिसाद खरडवहीत हलवले आहेत.

पेटीवाली_मावशी

एवढं सगळं वाचलं आणि मला एकाच गोष्टीचं हसू आलं. तुमच्या यादीत 'अबीर गुलाल' एकमताने गेलाय ना? त्यातलं दुसरं कडवं म्हणा. 'उंबरठ्यासी कैसे शिवू आम्ही जातीहीन'. पुढे काय, तर पायरीशी दंग होऊन अभंग गाऊ. म्हणजे आत येऊ देत नाहीत म्हणून पायरीवर उभ्या माणसाचं गाणं आहे ते! मी हा अभंग लग्नात, बारशाला, एकदा तर बँकेच्या वर्धापनदिनाला वाजवलाय. लोक टाळ्यांचा ठेका धरतात. चाल इतकी गोड आहे की शब्द कानामागून निघून जातात.

त्यामुळे काकूंना सांगा, भांडण तुमच्या भजनात आधीपासूनच आहे. कर्ममेळा फक्त तेच मोठ्याने म्हणतो.

टाळकरीण

मावशी!! मी हा अभंग किती वर्षं म्हणतेय आणि त्या कडव्यावर मी नेहमी पुढच्या सुराची तयारी करत असते.

थोडी माहिती राहिली होती ती देते. काकू नंतर मला जिन्यात भेटल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, आपल्या मंडळात बी विंगमधल्या ताई येतात ना, त्यांना कसं वाटेल? त्यांच्यासमोर 'हीन याती' कसं म्हणायचं? म्हणजे काकूंच्या मनात दुष्टावा नाही, त्यांना अवघडल्यासारखं होतं.

भीमाकाठ

मग त्या ताईंना विचारलंत का? की त्यांना वाईट वाटेल हेही तुम्हीच ठरवलं?

टाळकरीण

नाही विचारलं. विचारते.

सदाशिव_माळकरी

विचारताना जपून विचारा. मंडळाच्या वतीने चार जणी मिळून जाऊ नका. ते विचारणं नसतं, ते शिष्टमंडळ असतं.

विद्याव्रत

अवांतर: कर्ममेळ्याच्या त्या अभंगाची शेवटची कडवी फार कमी लोक म्हणतात. 'आमचे घरी भात दही, खावोनी कैसा म्हणसी नाही'. चोखोबांच्या घरी विठ्ठल जेवायला आला, सोयराबाईंच्या हातून दही सांडलं, त्यावरून देवळातल्या मंडळींनी चोखोबांच्या थोबाडीत मारली आणि गाल देवाचा सुजला, ही कथा आपण कौतुकाने सांगतो. देव आणि भक्त एक झाले म्हणून. त्याच घरातला मुलगा विचारतो, आमच्याकडे दहीभात खाऊन गेलास आणि आता ओळख दाखवत नाहीस? आणि शेवटी, 'कासया जन्म दिला मला'.

या पोराचा देवावर विश्वास नसता तर त्याने भात-दह्याची आठवण काढली नसती. परक्याकडे कोणी असा हिशेब मागत नाही. चोखोबा १३३८ मध्ये मंगळवेढ्याचं गावकूस बांधताना कोसळलेल्या भिंतीखाली गेले, नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणून महाद्वारासमोर समाधी दिली. ती आजही पायरीशी आहे, आत नाही. आपण समाधीला हात लावून आत जातो, दोन सेकंदांत.

टाळकरीण

बी विंगमधल्या ताईंशी बोलले. एकटीच गेले, त्या मेथी निवडत होत्या. मी बरंच घोळवून विचारलं. त्या मेथी निवडतच राहिल्या. मग म्हणाल्या, "मला मध्ये घेऊ नका. म्हणायचा तर तुम्ही म्हणा. मी टाळ धरीन. फक्त तो अभंग चालू असताना सगळ्यांनी माझ्याकडे बघायचं नाही."

एवढंच. मग त्यांनी मला थोडी मेथी दिली.

उमरगेकर

ताईंनी लाखाची गोष्ट सांगितली.

सरळमार्गी

बघायचं नाही हे अवघड आहे खरं तर. मी तरी बघितलं असतं, सहानुभूतीने का होईना. ठीक आहे, अभंगाला माझा विरोध नाही. पण शेवट गोड करा.

पेटीवाली_मावशी

शेवटाचाच तर प्रश्न आहे. 'अवघा रंग' बहुतेक जणी किशोरीताईंच्या वळणाने भैरवीत म्हणतात, आणि भैरवी झाली की कार्यक्रम संपला. म्हणजे कर्ममेळा कुठेही ठेवलात तरी शेवटी त्याच्यावरून भैरवीचा हात फिरणार आणि लोक 'सगळं कसं छान एक झालं' म्हणून शिरा खायला उठणार. कर्ममेळ्याच्या लगेच मागे 'अवघा रंग' ठेवलात तर त्याला उत्तर दिल्यासारखं वाटेल. त्याने प्रश्न सोयराबाईंना विचारलेला नाही, देवाला विचारलाय. आईला मध्ये घालून पोराला गप्प करू नका.

माझं ऐका. सुरुवातीला रूपाचा अभंग घेता ना? 'सुंदर ते ध्यान' झालं, देव समोर उभा राहिला, की तिथेच कर्ममेळा घ्या. समोर देव आहे तेव्हाच विचारायचं. मग 'देहासी विटाळ', मग 'ऊस डोंगा', आणि बाकीचा कार्यक्रम. 'अवघा रंग' नेहमीच्या जागी. मधल्या तासाभरात कोणाला काय वाटायचं ते वाटू द्या.

सदाशिव_माळकरी

रूपाच्या अभंगानंतर लगेच? आमच्या फडात कोणी असं केलं तर चोपदार काठी आपटेल. :) पण तुमचं मंडळ सोसायटीचं आहे. क्रम मला चुकीचा वाटत नाही. मात्र पसायदान गाळू नका. 'जे खळांची व्यंकटी सांडो' आधी येतं, 'भूतां परस्परें पडो मैत्र जीवांचें' नंतर, हे म्हणताना बघा एकदा.

भीमाकाठ

काका, हे माहीत नव्हतं असं नाही, पण कधी त्या क्रमाने ऐकलं नव्हतं. आषाढीला पंढरपुरात असाल तर सांगा, माझी मावशी तिथेच राहते. देवळात येणार नाही, चहाला भेटू.

सदाशिव_माळकरी

दशमीला रात्री पोचतो. चंद्रभागेच्या वाळवंटात भेटू, चहा माझ्याकडून.

टाळकरीण

मावशींचा क्रम नक्की केला. काकूंना भात-दह्याचं कडवं वाचून दाखवलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, हे कडवं मी म्हणते, पहिलं मला जमणार नाही. पहिलं सुनेकडे दिलंय.

आता खरी अडचण. या अभंगाला आमच्यात कोणालाच चाल माहीत नाही. मावशी, काय करू? काकूंचा सूर काळी चारच्या वर जात नाही.

पेटीवाली_मावशी

चाल लावूच नका फार. ओवीसारखा सरळ म्हणा, तीन-चार सुरांत, पखवाज नको, नुसते टाळ. गोड चाल लावलीत की याचाही 'अबीर गुलाल' होईल. काळी दोन धरा आणि 'लाज न ये तुमचे चित्ता' ला वर जाऊ नका, खालीच ठेवा. उद्या ध्वनिमुद्रण पाठवते, आज नातू झोपलाय.